सव्वा मूठ गहू

रोज दुपारी भांडी आवरली, की मी वहीत वर श्री घालून दोन ओळी लिहिते. कुणाचा उपास होता, पोथीचा कितवा अध्याय झाला, कोण आलं, कोण गेलं. तेवढंच. मंगलाअक्कांचं मात्र दोन ओळींत मावेना, म्हणून त्यांच्यापुरती ही पानं वेगळी धरली.

मंगलाअक्का माझ्या चुलत जाऊबाई. माझ्याहून नऊ वर्षांनी मोठ्या. आम्ही दोघी धुळ्याकडून लग्न होऊन सुरतेत आलो, त्या आधी, मी नंतर. बमरोलीत त्यांची खोली आमच्या मागच्या गल्लीत. माझी पहिली भाकरी जळाली, तेव्हा वास ओळखून त्याच पावली दोन भाकरी घेऊन आल्या होत्या आणि म्हणाल्या होत्या, "इथला गॅस सासूसारखा असतो, पहिल्यांदा मोठाच पेटतो."

अक्का सिस्टरांच्या शाळेत मासी आहेत. इथं शाळेत झाडलोट, पाणी, लहान मुलांचं सगळं बघणाऱ्या बाईला मासी म्हणतात. पंधरा वर्षं झाली. सकाळी साडेसहाला त्या फाटकाशी असतात. आधी चॅपल उघडायचं, झाडायचं, कालच्या मेणबत्त्यांचं सांडलेलं मेण बोथट सुरीनं खरवडायचं. मग वर्ग, मग पाण्याच्या टाक्या, आणि सात वाजून दहा मिनिटांनी व्हरांड्यातली पितळी घंटा. शाळेत विजेची बेल आहे, पण ती परीक्षेच्या दिवसांत. रोजची घंटा मासींची.

सुरुवातीला मी विचारलं होतं, "अक्का, त्यांच्या देवाला हात लावताना काही वाटत नाही?"

"हात कुठं लावते? झाडू लावते," त्या म्हणाल्या. "आणि देवाचं घर झाडून कुणी बाटलंय का, सांग."

मेरीच्या पायाशी त्या रोज एक जास्वंद ठेवायच्या. मुख्य सिस्टर, सुशीला गामीत, व्यारा बाजूच्या. त्यांनी एकदाच सांगितलं, की लाल फुलाचा डाग फरशीवर राहतो. तेव्हापासून अक्का फुलाखाली पान ठेवतात. त्यावर दोघींचं पुन्हा बोलणं झालं नाही.

आता मगनदादांचं. बारा वर्षांपूर्वीच्या भाद्रपदात, ऋषिपंचमीच्या दुसऱ्या दिवशी, अक्कांचे मालक दुपारपाळीला म्हणून निघाले. सुरतेजवळच्या सचिन गावात एका मिलमध्ये कपडा रंगवायच्या मशीनवर होते. डब्यात मेथीची भाजी आणि तीन भाकरी. मिलमध्ये विचारलं तर म्हणाले, आलेच नाहीत. सायकल भेस्तान स्टेशनच्या बाहेर सापडली, कुलूप लावलेली. चावी त्यांच्याजवळ. भांडण झालं नव्हतं, पिणं नव्हतं, कुणाचा फोन आला नव्हता. पोलिसांत लिहून दिलं, सिव्हिल हॉस्पिटलमध्ये पाहून आलो, गावाकडे माणसं पाठवली. काही नाही. पोटी मूलबाळ नव्हतं. दहाव्या दिवशी अक्का शाळेत गेल्या आणि घंटा वाजवली.

ती सायकल अजून त्यांच्या दाराबाहेर आहे. कुलूप तोडलेलं नाही. जागा झाडायची असली, की मागचं चाक उचलून सरकवतात.

अक्कांना रडताना मी पाहिलं नाही. लोक आधी म्हणायचे, धीराची आहे. मग म्हणायला लागले, दगड आहे. मग काही म्हणेनासे झाले. कुंकू लावायच्या, मंगळसूत्र घालायच्या, हळदीकुंकवाला बोलावलं तर यायच्या आणि दाराजवळच बसायच्या, म्हणजे कुणाला संकोच वाटला तर लवकर उठता येईल.

आता कानबाईचं सांगायला हवं, कारण सगळं तिथं अडलेलं आहे. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आम्हा खानदेशी लोकांकडे कानबाई देवी बसते. तिच्या रोटासाठी गहू मोजायचे ते घरातल्या पुरुषागणिक सव्वा मूठ. मूठ भरून घ्यायची आणि वर चिमूटभर. घरात मुलगा जन्मला, की त्या वर्षी एक मूठ वाढते. पुरुष गेला, की त्याची मूठ बंद. त्या पिठाचा रोट भाऊबंदकीतच खायचा, बाहेरच्याला कणभर द्यायचा नाही आणि पौर्णिमेच्या आत संपवायचा. मोजणी आमच्या थोरल्या जेठांकडे, निंबाआप्पांकडे. त्यांच्या घरच्या चार मुठी, आमच्याकडच्या दोन, ह्यांची आणि मुलाची, योगेशची, आणि सातवी मगनदादांची.

अक्कांच्या घरात दुसरा पुरुष नाही. म्हणजे ती एक मूठ मोजली तर त्यांचं घर कानबाईच्या रोटात आहे. नाही मोजली तर नाही.

दरवर्षी आप्पा सहा मुठी टाकून थांबायचे आणि मान वर न करता विचारायचे, "मगननी मूठ मोजू का?"

अक्का डोक्यावरचा पदर सारखा करून म्हणायच्या, "मोजा."

अकरा वर्षं असंच. शास्त्राप्रमाणे माणूस बारा वर्षं परतला नाही, की त्याचा दर्भाचा पुतळा करून, पिठानं लिंपून अग्नी द्यायचा असतो. आप्पा त्या बाराची वाट पाहत होते. अक्का कसली वाट पाहत होत्या ते मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

गेल्या वर्षी माझी दिपाली नववीत गेली. ती त्याच शाळेत आहे, अक्कांच्याच शब्दावर प्रवेश मिळाला होता. नववीच्या मुलींना सिस्टर सेवेला लावतात. दिपालीच्या गटाला बमरोलीतल्या बायकांना अक्षरं शिकवायचं काम मिळालं. दर शनिवारी दुपारी, गणपती मंडळाच्या खोलीत. पंधरावीस बायका यायच्या, कुणी लूमवरच्या, कुणी साडीला टिकल्या चिकटवणाऱ्या. अंगठ्याऐवजी सही करता यावी एवढीच सगळ्यांची हौस. अक्काही जाऊन बसायला लागल्या.

गुजरातीत शिकवायची पद्धत अशी, की पहिले ग, म, न, ज एवढीच अक्षरं घ्यायची आणि त्यांचेच शब्द करायचे. जमन, नमन, गगन. पहिल्याच शनिवारी दिपालीनं फळ्यावर लिहिलं, मगन. आणि एकेकीला वाचायला उठवलं.

अक्कांची पाळी आली. त्या उभ्या राहिल्या आणि डोक्यावरचा पदर सारखा केला.

"मासी, म पासून सुरू करा," दुसरी एक मुलगी म्हणाली.

"नाही येत मला," अक्का म्हणाल्या आणि बसल्या.

घरी येऊन दिपाली सांगायला लागली, "मोठीमायला काहीच लक्षात राहत नाही गं. सगळ्यात सोपा शब्द होता."

मी म्हटलं, "बाई गं, ते त्यांच्या मालकांचं नाव आहे. त्या कसं वाचतील?"

आमच्यात बायको नवऱ्याचं नाव तोंडानं घेत नाही. मीसुद्धा या वहीत ह्यांना 'हे' असंच लिहिते. दिपालीला हे माहीत होतं, पण फळ्यावर लिहिताना तिच्या डोक्यात आलं नव्हतं. ती एकदम लाल झाली. त्या दिवसापासून तिनं मनाशी गाठ बांधली, की मोठीमायला ते नाव कधी घ्यायला लावायचं नाही. पुढचं सगळं त्या चांगल्या गाठीतून झालं.

गेल्या श्रावणात आप्पांनी सहा मुठी टाकल्या आणि नेहमीसारखं विचारलं. अक्का म्हणाल्या, "मोजा. पण वेगळी द्या."

"वेगळी कशी?" आप्पांनी पहिल्यांदा मान वर केली.

"डॉक्टरांनी साखर सांगितली आहे. गूळ-तुपाचा रोट एकटीनं पौर्णिमेच्या आत संपत नाही. टाकला तर पाप. गहूच राहू द्या माझ्याकडे." मग मला म्हणाल्या, "दहा वर्षं त्यांच्या वाटचं मीच खाल्लं. स्वतः गेले आणि मला शुगर देऊन गेले."

मी हसले. आप्पा हसले नाहीत. त्यांनी सव्वा मूठ अक्कांनी पुढे केलेल्या स्टीलच्या डब्यात टाकली. डबा मी ओळखला. मगनदादांचा दुसरा टिफिन होता, रविवारचा.

दिपाली तेव्हा शिकवणीहून उशिरा आली. तिनं पाहिलं ते इतकंच, की चक्कीवर सहा मुठींचंच दळण निघालं. मी पुरण वाटत होते. तिनं मागून येऊन हळूच विचारलं, "आई, यंदा मोठ्या बाबांची मूठ नाही?"

मी म्हटलं, "चूप. त्या बाहेर बसल्या आहेत. विचारू नको."

एवढंच म्हटलं मी. हात पुरणात होते. दोन वाक्यं जास्त बोलले असते तर पुढचं झालं नसतं. ही माझी चूक इथं लिहून ठेवते.

नोव्हेंबर हा त्यांच्यात मेलेल्या माणसांच्या आठवणीचा महिना. चॅपलमध्ये एक मोठी वही उघडून ठेवतात, तिच्यात ज्याला हवं त्यानं आपल्या गेलेल्या माणसाचं नाव लिहायचं. महिनाभर वहीशी रोज मेणबत्ती लावतात. सिस्टर सुशीलांनी ती वही सगळ्यांना खुली केली आहे, हिंदू असो, मुसलमान असो, रिक्षावाला असो. सेवेच्या मुली वही घेऊन शाळाभर फिरतात. दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली, की एका सकाळी सगळ्यांपुढे नावं वाचतात. प्रत्येक नावानंतर घंटेचा एक ठोका.

वाचायचं काम दिपालीला मिळालं होतं, म्हणून मी गेले. आयांसाठी मागे खुर्च्या होत्या. मी उभीच राहिले. व्हरांड्यात घंटेजवळ अक्का, हातात लाकडी हातोडी. निळी साडी, शाळेची.

दिपालीचा आवाज चांगला लागला होता. कुणाचे आजोबा, कुणाची आई, शाळेचे जुने वॉचमन. नाव, ठोका. नाव, ठोका. मग तिनं वाचलं, "मगन सुपडू बाविस्कर."

मला वाटलं माझ्याच कानात काही झालं. अक्कांकडे पाहिलं. हातोडी वर होती. ती वरच राहिली. पुढच्या रांगेतल्या दोन मुलींनी मागे वळून पाहिलं. दिपालीनं कागदावरून मान वर केली, कारण ठोका पडल्याशिवाय पुढचं नाव वाचायचं नाही असं ठरलेलं होतं.

मग ठोका पडला. बाकीच्यांसारखाच, मोठा नाही, लहान नाही. दिपालीनं पुढचं नाव वाचलं.

नंतर सिस्टरांनी आम्हा तिघींना ऑफिसात बोलावलं. ते नाव कुणाचं हे त्यांना तोवर एका शिक्षिकेनं सांगितलं होतं. दिपाली भिंतीला टेकून रडत होती. "मला वाटलं मूठ नाही म्हणजे... मला वाटलं कळवलं असेल कुणीतरी. मोठीमायला विचारलं असतं तर तिला नाव घ्यावं लागलं असतं, म्हणून मीच लिहिलं. तिच्यासाठीच लिहिलं."

सिस्टर खुर्चीतून उठल्या. "मंगलाबेन, बेसो." त्यांचं मराठी आमच्यासारखंच आहे, थोडं गुजराती, थोडं नवापूरकडचं. "वही माझी आहे, चूक माझी. मेलेल्या माणसांची वही आहे ही, मी खोटं कशाला सांगू. तुम्ही म्हणाल तर आता नाव खोडते. उद्या सगळ्यांपुढे सांगते पण. बोला, काय करू?"

वही टेबलावर उघडी होती. दिपालीचं अक्षर सुंदर आहे. अक्कांनी वाकून ते नाव पाहिलं. पहिल्या शनिवारी शिकलेली तीन अक्षरं. ओठ हलले नाहीत.

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "खोडाखोड केली तर वही खराब होईल."

"मंगलाबेन, वहीचं सोडा."

"बाकी लोकांची माणसं आहेत त्या पानावर, सिस्टर. काट मारलेली दिसली तर त्यांना कसं वाटेल?" मग दिपालीकडे वळून म्हणाल्या, "तू रडायचं थांब आधी. बाविस्करमधला ब किती छान काढलास. माझी सही अशी कधी येणार?"

त्या महिन्यात राहिलेले बारा दिवस अक्कांनी रोज चॅपल उघडलं, झाडलं, आणि त्या पानाशी मेणबत्ती लावली. काम त्यांचंच होतं. सिस्टरांनी दुसऱ्या मासीला सांगू का विचारलं तर म्हणाल्या, ती मेण सांडते.

गोष्ट बमरोलीत यायला दोन दिवस लागले. आप्पा आमच्याकडे आले, चहा घेतला नाही. अक्कांना बोलावून घेतलं. आप्पांच्या बोलण्यात अधूनमधून अहिराणी येते. "शायमा मगननं नाव मरेलसमा वाचं म्हणे?"

अक्का उंबऱ्याशी पदर घेऊन उभ्या. "हो, आप्पा."

"तू तठेच व्हती?"

"घंटा मीच वाजवली."

आप्पा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "सिस्टरच्या वहीत मेला आणि आपल्या घरात जिवंत, हे चालायचं नाही. दोन दगडांवर पाय ठेवून किती दिवस उभी राहशील? पुढच्या भादव्यात बारा भरतात. तोवर ठरव. श्रावणात मी तुला विचारणार नाही, तूच सांगायचं. मूठ मोजली तर मोजली. नाही मोजली तर भादव्यात विधी करू. मधलं काही नाही."

"बरं," अक्का म्हणाल्या.

"लोक मला विचारतात, बाई."

"मलाही विचारतात, आप्पा. मी सांगते, आप्पांना विचारा."

हे बाहेर पडवीत बसले होते, त्यांना हसू आलं. आप्पा उठून गेले.

नोव्हेंबरपासून श्रावणापर्यंत अक्कांनी त्यावर माझ्याशी एकदाच बोलणं काढलं. आम्ही दोघी छतावर पापड वाळवत होतो. मी म्हटलं, "अक्का, मूठ सोडली तर रोटात तुमचं घर राहणार नाही. मी आप्पांशी बोलू का?"

त्या पापड उलटत राहिल्या. मग म्हणाल्या, "बारा दिवस मेणबत्ती लावली ना, छाया. रोज वाटायचं, आज येतील आणि म्हणतील, माझं नाव इथं कुणी घातलं. भांडायला तरी येतील. बाराव्या दिवशी सिस्टरांनी वही कपाटात ठेवली. मी मेण खरवडलं. मग लक्षात आलं, की दोन-तीन दिवस झाले, मी दाराकडे पाहिलंच नव्हतं."

एक पापड वाऱ्यानं उडाला, तो पकडायला गेले.

यंदाच्या श्रावणात आप्पांकडे सगळे जमलो. कानबाई बसवायची जागा सारवल्यासारखी स्वच्छ पुसलेली, पोत्याचं तोंड उघडलेलं. आप्पा पाटावर. घरच्या चार मुठी टाकल्या, आमच्या दोन. मी अक्कांकडे पाहिलं नाही. मला वाटत होतं, आप्पांनी विचारावं, म्हणजे त्या नेहमीसारखं एका शब्दात उत्तर देतील आणि एक वर्ष ढकललं जाईल.

आप्पांनी विचारलं नाही, पण त्यांचा हात इतक्या वर्षांच्या सवयीनं पोत्यात गेला. सातवी मूठ भरून वर आली.

"आप्पा," अक्का म्हणाल्या, "यंदा त्यांची नको."

आप्पा तसेच बसून राहिले. मूठ बंद, वरून दोन दाणे घरंगळून पाटावर पडले. वर्षभर तेच सगळ्यांना सांगत फिरले होते, की हिशेब एकीकडे लागला पाहिजे. आता त्यांना मूठ उघडता येईना. परातीत टाकावी तर माणूस जिवंत होतो, आणि कानबाईच्या नावानं काढलेलं धान्य पोत्यात परत जात नाही. त्यांनी एकदा परातीकडे पाहिलं, एकदा पोत्याकडे. त्यांच्या मिशा हलत होत्या. पंचाहत्तरीच्या माणसाला मी पहिल्यांदाच असं पाहत होते.

अक्कांनी पिशवीतून तो टिफिनचा डबा काढला आणि झाकण उघडून आप्पांच्या हाताखाली धरला. आत गेल्या वर्षीची सव्वा मूठ होती. कडुनिंबाचा पाला घालून ठेवली होती, एक दाणा किडला नव्हता.

"यात टाका," त्या म्हणाल्या. "भादव्यात पुतळ्याला पीठ लागेल ना?"

आप्पा म्हणाले, "कानबाईनं धान्य शे ते, मंगला. त्याचा पुतळा कसा करू?"

"कानबाईचं व्हायचं राहिलं ते. तिला वाहिलं कुठं? त्यांचं होतं, त्यांचंच आहे."

आप्पांनी मूठ सोडली. दाणे डब्यात पडल्याचा आवाज झाला. अक्कांनी पाटावरचे दोन दाणेही उचलून आत टाकले, झाकण लावलं, आणि पदर खोचून मला म्हणाल्या, "चल, परात उचल. चक्कीवाला तासाभरानं बंद करतो." सहा मुठींचं दळण त्यांनीच नेलं. रोट झाला, त्या जेवणाच्या पंगतीत वाढत होत्या. आप्पांच्या सुनेनं त्यांच्यासाठी पान मांडलं तेव्हा म्हणाल्या, "माझ्या घरची मूठ नाही यात. मी वरणभात खाते." आप्पा ताटावरून न उठता ओरडले, "मांड तिचं पान." त्यांनी स्वतःच्या रोटातला अर्धा तुकडा मोडून पाठवला. अक्कांनी तो खाल्ला. साखर वाढेल असं मी म्हटलं, तर म्हणाल्या, "आता शेवटचंच."

भाद्रपदात तापीकाठी विधी झाला. दोन वर्षांचे गहू अक्कांनी घरच्या जात्यावर दळले होते. चक्कीवर दुसऱ्याच्या पिठात मिसळतं म्हणून. गुरुजींनी दर्भाचा पुतळा बांधला, आप्पांनी तो त्या पिठानं लिंपला. हातभर लांब होता. पीठ जरा कमी पडलं, एका पायावर दर्भ तसाच दिसत होता. आप्पांच्या मोठ्या मुलानं अग्नी दिला. ओलं पीठ लवकर पेटत नाही. आम्ही बायका लांब बसलो होतो. मला रडू यायला हवं होतं. पलीकडच्या काठावर कुणीतरी ट्रॅक्टर धूत होतं, मी तेच पाहत होते.

अक्कांनी कुंकू स्वतःच पुसलं, नदीच्या पाण्यानं. कुणाला हात लावू दिला नाही. कुंकवाच्या जागी कपाळावर पांढरा चट्टा होता, नखाएवढा. तो पुसला जाणारा नव्हता.

तीन दिवस सुतक. बारा वर्षांत अक्कांची एवढी मोठी रजा पहिलीच. दिपालीनं सांगितलं, की त्या तीन दिवसांत सिस्टर सुशीलांनी स्वतः घंटा वाजवली आणि रोज चार-पाच मिनिटं उशिरा. चौथ्या दिवशी अक्का गेल्या. सिस्टरांनी त्यांच्या कपाळाकडे पाहिलं, हातोडी त्यांच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "मंगलाबेन, हात दुखला माझा." बस.

सायकल तिथंच आहे. योगेश म्हणाला, कुलूप तोडून देतो. अक्का म्हणाल्या, "जागा अडवते का तुझी?"

आता दिवाळीनंतर पुन्हा वही निघाली. दिपाली दहावीत गेली, सेवेला नव्या मुली आल्या. त्यातल्या एकीनं अक्कांना विचारलं, "मासी, तुमचं कुणी आहे का लिहायचं?"

अक्कांनी ओले हात पदराला पुसले आणि पेन मागून घेतलं. उभ्यानंच, भिंतीवर वही टेकवून, तीन अक्षरं लिहिली. म खाली झुकला होता, न फार मोठा झाला. मुलगी म्हणाली, "आणि आडनाव, मासी?"

"ते तू लिही," अक्का म्हणाल्या. "काना-मात्रा आम्ही अजून घेतल्या नाहीत."

वाचनाच्या दिवशी मी पुन्हा गेले होते. दिपाली वाचत नव्हती, तरी गेले. मुलगी नवी होती, घाईघाईनं वाचत होती. नाव आलं. लगेच ठोका पडला. मग तिनं पुढचं नाव वाचलं.